ओसरीवरची नाव

मित्रांनो, सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी मी घरात ऐकलं, बोलले, पण चार पानं सलग अशी कधी लिहिली नाहीत. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. मराठी विभागाच्या संपादकांनी विचारलं, "कशावर लिहिणार?" मी म्हटलं, "रोइंग मशीनवर." ते म्हणाले, "मग इंग्रजी विभागात दे ना!" मी ठाम नकार दिला. कारण या मशीनबद्दल मला जे काही कळलं ते माझ्या आजोबांमुळे कळलं. आजोबा कंधारला राहतात आणि हा अंक त्यांना वाचायचा आहे. (तेही हातात लाल पेन घेऊन. शिक्षक होते ना!)

आता तुम्ही म्हणाल, रोइंग मशीन म्हणजे काय? आपल्या जिमखान्याच्या कोपऱ्यात एक लांब रूळ, त्यावर चाकांची सीट आणि पुढे जाळीचा गोल डबा असलेलं यंत्र पडलं आहे. हो, तेच! ज्यावर आपण टॉवेल वाळत घालतो. बेंच प्रेससाठी रांग लागते, डंबेल्ससाठी भांडणं होतात, पण या बिचाऱ्याला कुणी विचारत नाही. मीसुद्धा दोन वर्षं त्यावर फक्त बॅग ठेवली.

जमिनीवर बसून नाव वल्हवण्याचा व्यायाम करायचं हे यंत्र आहे. पण माझा विषय आपण मुलंमुली नाही. माझा विषय आहे साठीच्या पुढची माणसं. आपले आजी-आजोबा, दहा वर्षांनी आपले आईवडील, आणि राग मानू नका, पण आपले काही सर आणि ऑफिसमधले मामासुद्धा!

सप्ताहाला न जाणारे आजोबा

माझे आजोबा ७३ वर्षांचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर मास्तर. निवृत्तीनंतर रोज पहाटे जगत्तुंग समुद्राकडे फिरायला जाण्याचा त्यांचा नेम. (बाहेरगावच्या मित्रांसाठी सांगते, आमच्या कंधारला समुद्र आहे! राष्ट्रकूटांच्या काळातला हा मोठा तलाव. शिवाय भुईकोट किल्ल्याभोवती पाण्याचा खंदक आहे तो वेगळाच.)

दोन वर्षांपूर्वी गुडघे दुखायला लागले आणि फिरणं कमी झालं. मग बंद झालं. मग एक एक गोष्ट सुटत गेली. आधी जमिनीवर जेवायला बसणं सुटलं. मग पूजेला पाटाऐवजी खुर्ची आली. आणि मागच्या वर्षी गावात सप्ताह बसला तेव्हा आजोबा गेलेच नाहीत. विचारलं तर म्हणाले, "कंटाळा आला." आजोबांना कीर्तनाचा कंटाळा? शक्यच नाही! शेवटी आजीनं मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. आदल्या वर्षी कीर्तन संपल्यावर त्यांना सतरंजीवरून उठताच आलं नव्हतं. दोन पोरांनी काखेत हात घालून उठवलं. सगळ्या गावासमोर. त्या पोरांना त्यांनी चौथीत शिकवलं होतं.

मला वाटतं, म्हातारपण असं येतं. एकदम नाही येत. एका वेळी एक जागा सोडायला लावतं.

डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितलं, गुडघ्यांची झीज आहे पण ऑपरेशनची वेळ नाही. वजन थोडं कमी करा, मांड्यांची ताकद वाढवा. हे शेवटचं वाक्य सगळ्यांनी ऐकलं आणि सगळे विसरले. कारण मांड्यांची ताकद वाढवायची कशी, हे कुणालाच माहीत नव्हतं.

स्नायू जातात कुठे?

इथे थोडं शास्त्र सांगते. तिशी-चाळिशी ओलांडली की माणसाचे स्नायू कमी व्हायला लागतात. साधारण दर दहा वर्षांनी तीन ते आठ टक्के. साठीनंतर हा वेग वाढतो. जे स्नायू उरतात त्यांचा जोर आणखी भरभर घटतो. याला सार्कोपेनिया म्हणतात. सर्वात जास्त फटका मांड्यांना बसतो. मांड्या कमजोर झाल्या की गुडघ्यावर ताण येतो, गुडघा दुखतो, म्हणून माणूस चालत नाही आणि न चालल्यामुळे मांड्या आणखी कमजोर होतात. आपल्या भाषेत सांगायचं तर पॉझिटिव्ह फीडबॅक लूप! फक्त यात पॉझिटिव्ह काहीच नाही.

पण चांगली बातमी अशी की हे चक्र उलटंही फिरवता येतं. १९९० साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वृद्धाश्रमात राहणाऱ्या, नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त माणसांना आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम दिला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली! म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट. नव्वदीत! मी हे आजोबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे मी अजून लेकरूच की."

जागतिक आरोग्य संघटना म्हणते की ६५ च्या पुढच्या माणसांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम दमणूक होईल असा व्यायाम करावा, दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा करावा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव करावा. आपल्याकडे ज्येष्ठांचा व्यायाम म्हणजे फक्त 'फिरणं'. फिरणं उत्तमच आहे. पण त्यात ताकदीचा भाग कमी पडतो, आणि गुडघे दुखत असतील तर तेही बंद होतं. नेमकं इथेच रोइंग मशीन कामाला येतं.

मशीन कंधारला कसं आलं

पुण्याच्या काकांनी लॉकडाऊनमध्ये हौसेनं हे मशीन घेतलं होतं. नंतर फ्लॅट बदलला, नव्या घरात जागा नव्हती. मागच्या दिवाळीला ते टेम्पोत टाकून कंधारला आलं आणि ओसरीवर विराजमान झालं. बघायला अर्धी गल्ली जमली. शेजारच्या आजी म्हणाल्या, "हे काय ओ मास्तर, नाव आणलीत? मग पाणी कुठंय?" तेव्हापासून त्याचं नाव पडलं 'नाव'!

एक गोष्ट मात्र आमच्याकडे सगळ्यांना लगेच आवडली. या मशीनला वीज लागत नाही. पडद्यापुरते सेल लागतात, बस्स. लाइट गेली तरी व्यायाम चालू.

आतली मेकॅनिक्स

मी मेकॅनिकलची, त्यामुळे हा भाग लिहिल्याशिवाय राहवत नाही. आजोबांनाही हाच भाग सर्वात जास्त आवडला, म्हणून वगळू नका.

जाळीच्या डब्यात एक फ्लायव्हील असतं, त्याला पंख्यासारखी पाती असतात. हँडल साखळीनं या चाकाला जोडलेलं. हँडल ओढलं की चाक फिरतं आणि पाती हवा कापतात. हवेचा विरोध हाच आपला व्यायाम. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात ड्रायसिगॅकर नावाच्या दोन भावांनी १९८१ मध्ये असं यंत्र बाजारात आणलं. हिवाळ्यात नद्या गोठल्यावर सराव करायचा कसा, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी चक्क सायकलचं चाक वापरलं. त्यांची 'कॉन्सेप्ट टू' ही मशीन्स आज जगभरातल्या बोट क्लबांमध्ये दिसतात.

याची खरी गंमत अशी. जिममधलं २० किलोचं वजन हे २० किलोच असतं, तुम्ही दमलेले असा किंवा नसा. पण हवेचा विरोध हा तुम्ही जितक्या जोरानं ओढाल तितकाच येतो. हळू ओढलं तर हलका, जोरात ओढलं तर जड. मशीन स्वतःहून काहीच लादत नाही. म्हणजे वीस वर्षांचा पैलवान आणि त्र्याहत्तर वर्षांचे मास्तर एकाच मशीनवर, काहीही न बदलता व्यायाम करू शकतात.

गणितात सांगायचं तर लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पडद्यावर 'पाचशे मीटरला किती वेळ' असा वेग दिसतो. चार मिनिटांचा वेग म्हणजे साधारण २५ वॅट. तीन मिनिटं म्हणजे ६० वॅट. अडीच मिनिटं म्हणजे १०४ वॅट. दोन मिनिटं म्हणजे २०३ वॅट. वेग दुप्पट करायचा असेल तर ताकद आठपट लागते! म्हणून पडद्यावरचा आकडा थोडासा जरी सुधारला तरी शरीरानं बरंच मोठं काम केलेलं असतं.

आता डॅम्पर. डब्याच्या बाजूला १ ते १० आकड्यांची एक दांडी असते. सगळ्यांना वाटतं हा 'व्यायामाचा जोर'. चूक! तो आकडा फक्त डब्यात किती हवा शिरणार ते ठरवतो. १० वर हवा जास्त शिरते, चाक लवकर मंदावतं आणि प्रत्येक ओढ सुरुवातीला जड लागते. सायकलच्या गिअरसारखंच आहे हे. जड गिअर टाकला म्हणून सायकल जोरात जात नाही, गुडघे मात्र जातात. पडदा दर ओढीनंतर चाक किती मंदावलं ते मोजून हिशेब करतो, त्यामुळे १० वर ठेवून जास्त वॅट फुकट मिळत नाहीत. ज्येष्ठांसाठी ३ ते ४ पुरे.

हे सगळं ज्ञान मला आधी असतं तर पुढचा प्रकार घडला नसता.

माझी चूक

दिवाळीच्या सुट्टीत मी मोठ्या ऐटीत आजोबांना मशीनवर बसवलं. डॅम्पर १० वर. म्हटलं, "ओढा आजोबा, जोरात!" आजोबांनी पाय दोरीनं बांधले, पाठ गोल करून पुढे वाकले आणि नुसत्या कमरेनं आणि हातांनी ओढायला लागले. मी टाळ्या वाजवत होते. पाच मिनिटांनी ते थांबले. दुसऱ्या दिवशी त्यांना अंथरुणातून उठता येईना. कंबर धरली होती.

आठ दिवस आजी माझ्याशी नीट बोलली नाही. आजोबा काहीच बोलले नाहीत, ते जास्त लागलं. मी हॉस्टेलवर परत आले ते मनात हेच घेऊन, की ज्यांना चालतं करायला गेले त्यांना मी झोपवून आले.

मग मात्र मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. वाचलं, रोइंग करणाऱ्यांचे व्हिडिओ पाहिले आणि आपल्या जिमखान्यातल्या मशीनवरचे टॉवेल काढून स्वतः शिकले. एक महिना. तेव्हा कळलं की या व्यायामात सगळी गोम क्रमात आहे.

क्रम: पाय, अंग, हात

एका ओढीचे चार भाग असतात.

पहिला: पुढे सरकलेली स्थिती. गुडघे वाकलेले, हात सरळ, पाठ सरळ. वाकायचं ते कमरेच्या सांध्यातून, पाठीच्या कण्यातून नाही. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी पूर्ण पुढे सरकायचं नाही. जिथे दुखायला लागतं त्याच्या चार बोटं अलीकडेच थांबायचं.

दुसरा: ओढ. आधी फक्त पायांनी ढकलायचं. हात अजूनही सरळ, दोरासारखे. पाय जवळजवळ सरळ झाले की अंग थोडं मागे टाकायचं. आणि सर्वात शेवटी हातांनी हँडल बरगड्यांच्या खाली आणायचं. एकूण कामातला साधारण साठ टक्के वाटा पायांचा, बाकीचा अंगाचा आणि हातांचा.

तिसरा: शेवट. पाय सरळ पण गुडघा ताठ अडकवलेला नाही. खांदे खाली, अंग किंचित मागे.

चौथा: परत येणं. इथे क्रम उलटा. आधी हात पुढे, मग अंग, मग गुडघे वाकवून सीट पुढे. ओढायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ परत यायला घ्यायचा. ओढताना श्वास सोडायचा, येताना घ्यायचा. श्वास कोंडून ओढलं तर बीपी एकदम चढतं, हे ज्येष्ठांनी फार लक्षात ठेवायचं.

हे मी पुढच्या सुट्टीत आजोबांना समजवायला लागले. 'लेग्ज, बॉडी, आर्म्स' असं काहीतरी पोपटासारखं म्हणत होते. आजोबांनी दोन मिनिटं ऐकलं आणि एकदम म्हणाले, "अगं पोरी, मग असं सांग की. हे तर रस्सीखेच हाय!"

खरंच की! शाळेत पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला ते वर्षानुवर्षं पोरांची रस्सीखेच घ्यायचे. पोरांना काय ओरडून सांगायचे तेही त्यांना पाठ होतं: हातानं ओढू नका, पाय रोवा, अंग मागं टाका, हात नुसते आकडे! त्यानंतर मला काहीच शिकवावं लागलं नाही. पहिल्याच दिवशी ओढ बरोबर आली.

आणि आजी? ती तर आमच्या सगळ्यांच्या वर निघाली. सहज गंमत म्हणून बसली आणि पाठ सरळ ठेवून कमरेतून अशी पुढे-मागे झाली की मी बघतच राहिले. म्हटलं, "आजी, तू हे कुठं शिकलीस?" म्हणाली, "जात्यावर. तीस वर्षं दळलंय."

तेव्हा मला वाटलं, आपण 'फिटनेस' म्हणून बाहेरून जे आणतो ते या लोकांच्या अंगात होतंच. जात्यावरचं दळण, आडाचं पाणी शेंदणं, मोट हाकणं. ती कामं कष्टाची होती. ती गेली ते चांगलंच झालं, परत आणावीत असं मी मुळीच म्हणणार नाही. पण त्या कामांबरोबर ओढण्याची, उठबस करण्याची सवयही गेली. तिच्या जागी आपण काहीच ठेवलं नाही.

पाणी नसलेल्या गावातला वल्हेकरी

कुणी म्हणेल, मराठवाड्यात आणि नावा? त्यांना दत्तू भोकनळची गोष्ट सांगते. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे त्याचं गाव, दुष्काळी पट्ट्यातलं. घरच्या गरिबीमुळे त्यानं विहिरी खोदायच्या कामावर मजुरी केली. २०१२ साली तो सैन्यात भरती झाला, पुण्यात बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये. तिथे त्याची सहा फुटांच्या वरची उंची बघून त्याला रोइंगमध्ये घेतलं. चार वर्षांत, २०१६ मध्ये तो रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याची नाव घेऊन उतरला आणि तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत त्यानं सुवर्णपदक मिळवलं. त्याच्यासारखे खेळाडूही पाण्याइतकाच घाम जमिनीवरच्या या मशीनवर गाळतात.

आणि इंजिनिअरिंगवाल्यांचं म्हणाल तर पुण्याच्या सीओईपीचा बोट क्लब १९२८ पासून मुळा नदीवर आहे. त्यांची रेगाटा प्रसिद्धच आहे. आपल्याकडे नदी नाही तर निदान मशीन तरी आहे!

पण आमच्या घरात खरा हिरो ठरला तो आयर्लंडचा रिचर्ड मॉर्गन. हे गृहस्थ आधी बेकरीत पाव भाजायचे, नंतर बॅटरीच्या धंद्यात होते. त्र्याहत्तराव्या वर्षापर्यंत त्यांनी नियमित व्यायाम असा केलाच नव्हता. मग रोइंग मशीनवर बसले आणि आपल्या वयोगटात चार वेळा इनडोअर रोइंगचे जगज्जेते झाले. ते ९२ वर्षांचे असताना शास्त्रज्ञांनी त्यांना तपासलं. त्यांचं हृदय आणि फुप्फुसं वयाच्या मानानं कितीतरी तरुण निघाली. त्यांचा व्यायाम किती? रोज साधारण चाळीस मिनिटं, आणि त्यातला सत्तर टक्के अगदी आरामात.

आजोबांनी यातलं एकच वाक्य पकडलं. "त्र्याहत्तराव्या वर्षी सुरू केलं? मी बी त्र्याहत्तरचाच की."

सुरुवात कशी करावी

आजोबांसाठी जो तक्ता केला तोच इथे देते. घाई नको.

आधी डॉक्टरांना विचारा. हार्ट अटॅक किंवा बायपास झालेली असेल, बीपी ताब्यात नसेल, हर्निया असेल, मणक्याची गादी सरकलेली असेल, हाडं ठिसूळ होऊन मणका दबला असेल किंवा नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय बसायचंच नाही. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी नको, आणि जवळ साखर ठेवा.

बसणं-उठणं शिका. सर्वात जास्त धोका इथेच आहे! सीटला चाकं असतात, ती मागे पळते. आधी एका हातानं सीट धरायची, मग बसायचं. मशीनची सीट बरीच खाली असते. शेजारी एक जड, न हलणारं स्टूल आणि पहिले काही आठवडे घरातलं एक माणूस हवंच. उठण्याआधी पायाचे पट्टे सोडायचे.

पहिले दोन आठवडे: आठवड्यातून तीन दिवस, एक मिनिट ओढायचं, एक मिनिट थांबायचं. असं पाच वेळा. डॅम्पर ३. मिनिटाला १८ ते २० ओढी, त्याहून जास्त नाहीत.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यापर्यंत: ओढायचा वेळ हळूहळू दोन, मग तीन मिनिटं. मध्ये विश्रांती.

त्यापुढे: सलग दहा मिनिटं. तीन-चार महिन्यांत पंधरा ते वीस मिनिटं. तिथेच थांबलं तरी चालेल.

जोर किती लावायचा? ओढता ओढता एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटायला लागलं की जोर कमी करा. नाडी मोजण्यापेक्षा हे सोपं आहे, आणि बीपीच्या काही गोळ्यांनी नाडी मुळातच मंद राहते, त्यामुळे तो आकडा फसवतो. आजोबा ओढता ओढता पाढे म्हणतात. एकोणतीसचा पाढा अडला की मी ओळखते, दमले!

छातीत दुखलं, चक्कर आली, पायात मुंग्या उतरल्या की लगेच थांबायचं. स्नायू दुखणं वेगळं, सांधा दुखणं वेगळं. पहिलं दोन दिवसांत जातं. दुसऱ्यासाठी डॉक्टर.

आणि चालणं सोडायचं नाही. रोइंगमध्ये आपण बसलेले असतो, शरीराचा भार पायांच्या हाडांवर येत नाही. त्यामुळे सांध्यांना हादरे बसत नाहीत हे खरं, पण हाडांना मात्र चालण्याचा, उभं राहण्याचा भार हवा असतो. तोलाचा सरावही यात होत नाही. तो वेगळा करावा लागतो. भिंतीला हात लावून एका पायावर उभं राहणं, असं सोपं काहीतरी.

मग फरक पडला का?

जाहिरातीसारखं सांगणार नाही. आजोबांचे गुडघे अजूनही दुखतात. जिना चढताना ते अजूनही कठडा धरतात. एक्स-रेमधली झीज काही भरून आली नाही, येणारही नाही.

पण एक साधी चाचणी आहे. खुर्चीवर बसायचं, दोन्ही हात छातीवर आडवे ठेवायचे आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजायचं. ७० ते ७४ वयाच्या पुरुषाला किमान १२ वेळा जमायला हवं. सुरुवातीला आजोबांना सात वेळा जमलं होतं. आता, आठ महिन्यांनंतर, बारा. मशीनवर पाचशे मीटरला चार मिनिटं लागायची, ती आता सव्वातीनवर आली आहेत. म्हणजे २५ वॅटवरून ४७ वॅट. मी त्यांना सांगितलं, "आजोबा, जुना छताचा पंखा ७५ वॅटचा असतो." ते म्हणाले, "मग अजून पंखा फिरंना माझा." मी म्हटलं, "नवे पंखे तिसेक वॅटमध्ये फिरतात. तुमचा फिरून वर वीज उरते!"

आणि यंदाच्या सप्ताहाला आजोबा गेले. मी सुट्टी टाकून मुद्दाम गेले होते. खुर्च्या मागे मांडलेल्या होत्या, पण ते सतरंजीवर बसले, पुढून तिसऱ्या रांगेत. कीर्तनात काय सांगितलं ते मला विचारू नका. माझं सगळं लक्ष शेवटाकडे होतं. आरती झाली. माणसं उठायला लागली. एक पोरगा मदतीला पुढे आला. आजोबांनी त्याला हातानंच थांबवलं. एक हात जमिनीवर टेकला, एक गुडघा उभा केला, क्षणभर तसेच थांबले... आणि उठले. स्वतःचे स्वतः. धोतर झटकलं आणि चप्पल शोधायला लागले, जणू काही झालंच नाही.

बाकी कुणाच्या हे लक्षातही आलं नसेल. पण मला सेमिस्टरच्या निकालाला कधी इतकं बरं वाटलं नव्हतं.

मित्रांनो, हे मशीन नवं घ्यायला चांगल्या कंपनीचं लाखाच्या घरात जातं. सगळ्यांना परवडणार नाही. गरजही नाही. खुर्चीवरून हात न लावता दहा वेळा उठणं-बसणं, दिवसातून दोनदा, याला एक पैसाही लागत नाही आणि मांड्यांना तोच फायदा सुरू होतो. पुढच्या सुट्टीत घरी गेलात की मोबाईल बाजूला ठेवून आजी-आजोबांना खुर्चीवर बसवा, ३० सेकंद मोजा. आकडा कमी आला तर घाबरू नका, सुरुवात करा. फक्त माझ्यासारखा डॅम्पर १० वर ठेवू नका!

आणि आपल्या स्टाफमधल्या मंडळींना एक विनंती. सकाळी सहा ते साडेसात जिमखाना रिकामाच असतो. मशीनवरचे टॉवेल मी काढून ठेवले आहेत. शिकायचं असेल तर मी शिकवीन. आजोबांची पद्धत आहे, सोपी आहे. पाय रोवा, अंग मागं टाका, हात नुसते आकडे!